दादा, बॉल इकडं येईनाच

लातूरमध्ये कुणालाही "मी कोचिंग करतो" असं सांगू नका. मी एकदा सांगितलं होतं. चहाच्या टपरीवर शेजारी बसलेल्या काकांनी लगेच विचारलं, "फिजिक्स का बायो?" म्हटलं, काका, फुटबॉल. ते थोडा वेळ गप्प बसले आणि मग हळू आवाजात म्हणाले, "ते बरंय, पण पोटापाण्याचं काय?" पुण्यात आयटीत आहे म्हटल्यावर त्यांचा जीव भांड्यात पडला.

काकांचा काही दोष नाही. ज्या गावात एका अख्ख्या भागाला लोक 'ट्युशन एरिया' म्हणतात, तिथे कोचिंगचा दुसरा अर्थ असूच शकत नाही. आमचं नांदेडही आता त्याच वाटेवर आहे. संध्याकाळी पाच वाजता भाग्यनगरच्या रस्त्यावर उभे राहा, पाठीवर सॅक लावलेली एवढी पोरं दिसतील की तुम्हाला वाटेल शहरात दुसरं कुणी राहतच नाही. आणि त्याच वेळी शाळांची मैदानं रिकामी.

तर मी कोचिंग करतो, पण शनिवार-रविवारचं. २०२० मध्ये कंपनीने घरी पाठवलं तेव्हा नांदेडला आलो. तेव्हा भाच्याबरोबर बॉल मारता मारता गल्लीतली पंधरावीस पोरं जमली आणि ते प्रकरण गळ्यात पडलं ते पडलंच. आता महिन्यातून दोनदा तरी पनवेल-नांदेड गाडीने येतो. लायसन्स वगैरे काही नाही. कॉलेजात चार वर्षं फुलबॅक म्हणून धावलो, बाकी यूट्यूब आणि पुस्तकं. त्यामुळे पुढचं सगळं एका हौशी माणसाचं मत आहे असं धरून वाचा.

आज लिहायचंय ते विंगबद्दल. म्हणजे मैदानाच्या कडेने चढाई कशी करायची, आणि ती पोरांना कशी शिकवायची. विषय तांत्रिक वाटेल, पण यात माझी एक चूक झालीय आणि ती अजून डोक्यातून जात नाही.

झालं असं. दोन वर्षांपूर्वी लातूरच्या एका शाळेच्या टीमबरोबर मैत्रीचा सामना ठरवला. दोन क्रूझर केल्या, लोहा-अहमदपूरमार्गे सकाळी निघालो. माझ्या टीममध्ये आठवीतला एक पोरगा होता. बारीक, पळायला वारा, आणि मुख्य म्हणजे सांगितलेलं ऐकणारा. आमच्या पोरांचा कायमचा रोग म्हणजे बॉल जिथे तिथे सगळे. गुळाच्या ढेपेला मुंगळे लागावेत तसे. त्यामुळे मी ठरवलं की या पोराला उजव्या विंगला ठेवायचं. त्याला टचलाइन दाखवली आणि सांगितलं, "काही झालं तरी ही लाइन सोडायची नाही. इथेच थांब. बॉल येईल."

तो थांबला. अख्खी मॅच थांबला. बाकीचे नऊ जण मधे एकमेकांच्या पायात पाय घालत होते आणि हा लाइनवर हात वर करून उभा. मध्यंतरात माझ्याकडे येऊन म्हणाला, "दादा, बॉल इकडं येईनाच. कामून थांबू?" मी म्हटलं, धीर धर. दुसऱ्या हाफमध्ये त्याच्याकडे बॉल दोनदा आला. त्यातला एक थ्रो-इन होता.

त्याचे वडील आमच्याबरोबर क्रूझरमध्ये आले होते. पोराला नववीत फाउंडेशनच्या बॅचला घालायचं की अजून एक वर्ष खेळू द्यायचं, हे ठरवायला आले होते ते. परत येताना अहमदपूरला चहाला थांबलो तेव्हा त्यांनी अगदी साधेपणाने विचारलं, "सर, पोराला शिक्षा केली होती का? कडेला उभं केलं होतं म्हणून विचारलं."

मी काहीतरी बोललो. टॅक्टिक्स, पोझिशन असलं काहीतरी. पण त्यांचं बरोबर होतं. आपल्या शाळांत कडेला उभं करणं म्हणजे शिक्षाच असते. पुढच्या सोमवारपासून तो पोरगा क्लासला जायला लागला.

त्यानंतर मी बरेच दिवस विचार केला की चूक नेमकी कुठे झाली. आणि माझं मत असं झालंय की विंगने चढाई शिकवायची असेल तर विंगरला सगळ्यात शेवटी शिकवावं. आधी बाकीच्यांना शिकवावं. लाइनवर उभं राहणं अवघड नसतं, ऐकणारा कुठलाही पोरगा उभा राहतो. त्याच्याकडे बॉल पोचवणं अवघड असतं, आणि ते काम त्याच्या हातात नसतं. ज्याला लाइनवर थांब सांगितलं त्याला बॉल मिळण्याची जबाबदारी कोचची. मी एका पोराला सांगितलं आणि नऊ जणांना सांगायचं विसरलो. ऑफिसच्या भाषेत सांगायचं तर नवा सर्व्हर उभा केला आणि लोड बॅलन्सरमध्ये त्याची नोंदच केली नाही. मग सर्व्हर रिकामा बसला म्हणून सर्व्हरला शिव्या.

आता गंमत बघा, कडेने खेळणं ही गोष्ट नांदेडला नवी नाहीच. फक्त ती फुटबॉलमध्ये नाही, हॉकीत आहे. श्री गुरु गोबिंदसिंघजींच्या नावाची गोल्ड आणि सिल्व्हर कप हॉकी स्पर्धा आमच्याकडे कित्येक दशकं होतेय. थंडीच्या दिवसांत, खालसा हायस्कूलच्या मैदानावर. पंजाबच्या, लष्कराच्या टीम्स येतात. लहानपणी आम्ही फुकटात बघायचो. एक म्हातारे सरदारजी दरवर्षी त्याच जागी बसून एकच गोष्ट ओरडायचे, "खोल! बाहर खोल!" तेव्हा मला वाटायचं ते दार उघडायला सांगतायत.

हॉकीत हे बाहर खोलणं रक्तातच आहे, आणि त्याला कारण आहे. गोल फक्त डी मधूनच मारता येतो, त्यामुळे बचाव करणारे सगळे डी च्या तोंडाशी गर्दी करतात. मग कडेने बेसलाइनपर्यंत जायचं आणि बॉल मागे ओढून द्यायचा, हा सरळ हिशोब. जुन्या पद्धतीत पुढे पाच जण असायचे आणि दोन टोकांना राइट-आउट, लेफ्ट-आउट. यातही लेफ्ट-आउटचं काम जास्त अवघड, कारण हॉकी स्टिक एकाच बाजूने सपाट असते आणि बॉल कायम अंगाच्या उजव्या हाताला. उजवीकडून आत मारणं सोपं, डावीकडून आत द्यायला अख्खं अंग वळवावं लागतं. १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकमध्ये भारताने सुवर्ण जिंकलं तेव्हा ही जागा झफर इक्बालकडे होती. विषयांतर झालं, पण मुद्दा हा की त्या सरदारजींचं ओरडणं विंगरसाठी नसायचंच. ते मधल्या खेळाडूला उद्देशून असायचं. हे मला वयाच्या सव्विसाव्या वर्षी, अहमदपूरच्या चहाच्या टपरीवर कळलं.

असो. मग बाकीच्यांना शिकवायचं कसं?

आधी मैदान मोजलं. पूर्ण मापाचं मैदान साधारण ६८ मीटर रुंद धरा. पेनल्टी बॉक्स ४०.३ मीटर रुंद असतो. म्हणजे बॉक्सच्या दोन्ही बाजूंना जवळपास १४-१४ मीटरची पट्टी उरते आणि विंगरचं राज्य तिथे. आता आमचं शाळेचं मैदान पावलांनी मोजलं तर ४८ मीटर भरलं. त्यावर नियमाच्या मापाचा बॉक्स आखला तर बाजूला चार मीटरही उरत नाहीत! म्हणजे आम्ही पोरांना विंगने खेळा म्हणतोय आणि विंगच शिल्लक ठेवलेली नाही. मी बॉक्स २४ मीटरचा केला. दोन्हीकडे १२ मीटर आले. पीटीचे सर म्हणाले, "हे नियमात बसतं का?" म्हटलं, सरावात बसतं.

मग फक्कीने मैदानाचे लांबीला तीन भाग केले. सात-सातच्या टीम आणि नियम एकच, बॉल एकदा तरी कडेच्या पट्टीतून गेल्याशिवाय गोल धरायचा नाही. पोरांनी दहा मिनिटांत पळवाट काढली. पट्टीतल्या पोराला बॉल द्यायचा, त्याने लगेच परत मधे द्यायचा, झालं. नियम पाळला, खेळ तोच. टेस्ट केस पास, सॉफ्टवेअर बंद. (आमच्या टीममध्ये हा प्रकार कुणाला ओळखीचा वाटला तर योगायोग समजावा.)

दुसऱ्या आठवड्यात नियम बदलला. पट्टीत एका वेळी चढाई करणाऱ्यांचा एकच आणि बचावाचा एकच. आणि पट्टीतून आत आलेल्या पासवर गोल झाला तर दोन गुण. आता मधल्या पोरांना कडेला बघायचं कारण मिळालं. तिथे दोनच माणसं, मधे दहा. लोभ हा फार चांगला शिक्षक आहे. तिसऱ्या रविवारपासून एक मिडफिल्डर पास घेण्याआधी मान वर करून दोन्हीकडे बघायला लागला. मला तेवढंच हवं होतं. खरं सांगायचं तर त्या दिवशी मी घरी येऊन आईला दोनदा ते सांगितलं.

पुढची पायरी म्हणजे बाजू बदलणं. डावीकडे खेळत राहायचं, समोरची टीम तिकडे सरकते, आणि मग दोन पासमध्ये बॉल उजवीकडे. लहान मैदानात एका लांब किकनेही जमेल असं वाटतं, पण तेराचौदा वर्षांच्या पोरांची किक हवेत जाते आणि बॉल पोचेपर्यंत सगळे परत तिकडे हजर. जमिनीवरून दोन पास बरे.

आता विंगरचं बघू. त्याला मी तीनच गोष्टी सांगतो. पाठ टचलाइनकडे ठेव, म्हणजे सगळं मैदान दिसतं. पहिला टच पुढे घे, कारण थांबून बॉल अडवलास की समोरच्यालाही वेळ मिळतो. आणि आपला फुलबॅक बाहेरून पळत आला तर तू आत वळ. त्याला बॉल दे किंवा देऊ नको, पण त्याच्यामुळे समोरच्या एकट्याला दोघांचा विचार करावा लागतो. हे फुलबॅकचं बाहेरून पळणं माझ्या विशेष आवडीचं, कारण कॉलेजात मी शंभर वेळा असा पळालो असेन आणि बॉल पाचेक वेळा मिळाला असेल. तरी पळायचंच असतं.

क्रॉसबद्दल मात्र माझं मत कडक आहे. विंग म्हटलं की पोरांच्या डोळ्यांसमोर एकच चित्र, कोपऱ्यातून उंच बॉल आणि मधे उडी मारून हेडर. ते विसरा. ९ फेब्रुवारी २०१४ ला मँचेस्टर युनायटेडने फुलहॅमविरुद्ध एकाच मॅचमध्ये ८० च्या वर क्रॉस मारले होते. फुलहॅम तेव्हा तळाला होतं, मॅच ओल्ड ट्रॅफर्डवर होती, आणि निकाल २-२. मोठ्यांची ही गत, तर आपल्या आठवीतल्या पोरांचं काय. शिवाय लहान वयात सारखं हेडिंग करण्याबद्दल जगभर काळजी आहे. इंग्लंडच्या एफएने २०२० मध्ये प्राथमिक वयाच्या मुलांना सरावात हेडिंग शिकवू नये अशी सूचनाच काढली.

त्याऐवजी हॉकीवाल्यांकडून उचला. गोललाइनच्या जवळ जायचं आणि जमिनीवरून मागे ओढून द्यायचं. यामागचं कारण पोरांना खडूने फरशीवर काढून दाखवलं तर लगेच कळतं. बचाव करणारे स्वतःच्या गोलकडे तोंड करून पळत असतात, त्यांना बॉल आणि मागून येणारा माणूस एकाच वेळी दिसत नाही. गोलकीपर जवळच्या खांबाला चिकटतो. आणि आपला माणूस समोरून, गोलकडे तोंड करून येतो. ऑफसाइडचाही प्रश्न नाही, कारण तो बॉलच्या मागे असतो. फक्त आत पळणाऱ्यांनी सगळ्यांनी एकदम गोलमध्ये घुसू नये. एक जवळच्या खांबाकडे, एक लांबच्या, आणि तिसऱ्याने उशिरा यायचं. हा तिसरा मिळणं फार कठीण. आमच्याकडे उशिरा येणारी पोरं भरपूर आहेत पण ती सरावाला उशिरा येतात.

पुण्यात ऑफिसमध्ये एक मित्र आहे, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मॅच बघणारा. त्याचं म्हणणं, विंग वगैरे जुनं झालं, आता सगळं मधल्या मोकळ्या जागांतून चालतं. आणि १९६६ चा वर्ल्ड कप तर आल्फ रॅमसीच्या इंग्लंडने विंगरशिवायच जिंकला! यात तथ्य आहे. पण रॅमसीचे फुलबॅक कडेने वर जायचे आणि फायनलमधला तो वादग्रस्त तिसरा गोल उजव्या कडेने ॲलन बॉलने आत दिलेल्या पासवरच झाला. माणसाचं नाव विंगर असो नसो, कुणीतरी कडेला जावंच लागतं. मधल्या मोकळ्या जागा मोकळ्या होतात कारण समोरच्याला कडेची भीती असते. ती भीतीच नसेल तर सगळे मधे, आणि मग आमची लातूरची मॅच.

आणि आमच्याकडे तर मधे खेळण्याचे वेगळेच तोटे आहेत. बऱ्याच शाळांच्या मैदानात मधोमध क्रिकेटची सिमेंटची पिच असते. तिथे बॉल कुठेही उसळतो आणि पडलं की गुडघा सोलतो. खाली काळी माती, वर मुरूम. शालेय स्पर्धा नेमक्या पावसाळ्याच्या आसपास आणि चिखल सगळ्यात आधी होतो तो मधे आणि गोलच्या तोंडाशी, कारण सगळी तुडवातुडवी तिथेच. कडेची जमीन त्या मानाने घट्ट राहते. निसर्गच सांगतोय कडेने जा, पण ऐकतो कोण.

खरी अडचण वेळेची आहे. कोल्हापूरशी तुलना करायचा मोह होतो. तिथे तालमींच्या टीम आहेत, शाहू स्टेडियम आहे, पेठापेठांतली खुन्नस आहे. तिथला अनिकेत जाधव २०१७ च्या १७ वर्षांखालील वर्ल्ड कपला भारताच्या संघात होता आणि पुढे आयएसएलमध्ये विंगवर खेळला. त्याच वर्षी १५ सप्टेंबरला राज्यभर 'मिशन वन मिलियन' झालं, शाळाशाळांत फुटबॉल आले, आमच्याकडेही पोरं एक दिवस खेळली. दुसऱ्या दिवशी पुन्हा क्लास. शालेय स्पर्धांच्या आठ विभागांत लातूर हा स्वतंत्र विभाग आहे, म्हणजे आमची पोरं राज्यावर जाऊ शकतात. पण तिथे समोर कोल्हापूर, मुंबई, पुणे.

मला क्लासेसवर राग काढायचा नाही. मी स्वतः त्याच रांगेतून गेलोय आणि त्याच रांगेने मला नोकरी दिली. लातूर पॅटर्नचं तर मला कौतुकच वाटतं. तोच पेपर पुन्हा पुन्हा सोडवून घेणं, चूक कुठे झाली ते त्याच दिवशी दाखवणं, हे उत्तम कोचिंग आहे. माझी तक्रार इतकीच की आपण हे मैदानावर का करत नाही? पोरांना आठवड्यात दोन तास मिळतात. त्या दोन तासांत ड्रिब्लिंग शिकवून कुणी गारिंचा होणार नाही, त्याला रोजचे तास लागतात. पण बाहेर बघणं, बाजू बदलणं, मागे ओढून देणं, हे डोक्याचं काम आहे. दोन तासांत बसतं. आमची पोरं डोक्याने कमी नाहीत, सगळा महाराष्ट्र त्यांच्या नीटच्या मार्कांच्या बातम्या वाचतो. आणि अकरा पोरांतल्या ज्याला बॉल घेऊन तिघांना चकवता येत नाही, त्यालाही यात काम मिळतं. अशीच पोरं जास्त असतात आणि तीच सगळ्यात आधी मैदान सोडतात.

गेल्या महिन्यात एका रविवारी तो पोरगा मैदानावर आला. आता दहावीत आहे, उंच झालाय. त्या दिवशी टेस्ट नव्हती म्हणे. थोडा वेळ बाहेरूनच बघत उभा राहिला. मग विचारलं, "दादा, आता येतो का बॉल तिकडं?" म्हटलं, उतर आणि बघ. बूट भाच्याचे घातले, एक नंबर लहान होते.

भाच्याने मोजलं, नऊ वेळा बॉल आला. त्यातले चार त्याने थेट बाहेर घालवले, सवय गेली होती. एकदा मात्र लाइनवरून आत ओढून दिला तो मागून येणाऱ्याच्या बरोबर पायात. त्याने तो वरून मारला ते सोडा.

साडेसहाला त्याचे वडील गाडीवर न्यायला आले. खेळ चालू होता म्हणून गाडी स्टँडवर लावून थांबले, माझ्याशी काही बोलले नाहीत. पुढच्या रविवारी पोराची टेस्ट होती. त्याच्या पुढच्या रविवारी मी पुण्यात, रिलीज होतं. आता बघू कधी जमतंय ते. तोवर फक्कीची पिशवी भाच्याकडे देऊन आलोय.